चुलीपाशी ऐकलेल्या आठवणी

प्रत्येक गावाला आपला एक मोठा माणूस असतो. तो गावात किती दिवस राहिला, याच्याशी गावाला फारसे कर्तव्य नसते. तो इथे जन्मला, एवढे पुरते. आमच्या निफाडचा मोठा माणूस म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८ जानेवारी १८४२ रोजी ते इथे जन्मले, कारण त्यांचे वडील इथल्या कचेरीत कारकून होते. मूल पुरते बोलू लागण्याच्या आत बिऱ्हाड कोल्हापूरला हलले. पण तेवढ्या भांडवलावर आम्ही निफाडकर आजतागायत मिरवत आलो आहोत. एरवी मिरवायला आमच्यापाशी द्राक्षे आहेत, कांदा आहे, नांदूर मधमेश्वरचे पक्षी आहेत, आणि हिवाळ्यात राज्यातले सर्वांत कमी तपमान आमच्याकडे नोंदले गेले म्हणजे वर्तमानपत्रात नावही येते. पण रानड्यांची सर कशाला येणार?

मी इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. त्यामुळे रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे पुस्तक माझ्या वाट्याला वारंवार आले आहे. ‘रमाबाईंच्या आठवणींतून दिसणारे तत्कालीन समाजजीवन’ हा प्रश्न मी किती वेळा काढला आणि त्याची किती उत्तरे तपासली, याची गणती नाही. पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले, त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे, अकराव्या वर्षी लग्न, पतीकडून शिक्षण, घरातल्या बायकांचा विरोध, सार्वजनिक कार्य, असे पाच मुद्दे मी झोपेतसुद्धा सांगू शकेन. आता एक कबुली देते. या पुस्तकाची मला गोडी कधीच लागली नव्हती. शिकवायच्या पुस्तकाचे तसेच होते. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

ती गोडी लागली गेल्या दिवाळीच्या आधी, आणि लावली ती आमच्या आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षरे जुळवून वाचता येते, पण वाचायला बसलेली मी त्यांना कधी पाहिलेली नाही.

त्याचे असे झाले. आत्याबाईंच्या डोळ्यांतल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले होते की महिनाभर चुलीच्या धुराजवळ जायचे नाही, खाली वाकायचे नाही, निवडणे-टिपणे करायचे नाही. घरात गॅस आहे, पण बाजरीची भाकरी चुलीवरचीच, हा आत्याबाईंचा कायदा. त्यामुळे मागच्या पडवीतली चूल अजून पेटते. पन्नास-पंचावन्न वर्षांत प्रथमच चुलीपुढे मी आणि दूर उंबऱ्याशी काळा चष्मा लावून आत्याबाई, असे दृश्य दिसू लागले. दिवस ऑक्टोबरचे. द्राक्षाची छाटणी नुकतीच झालेली, कोवळी फूट निघालेली. घरातली पुरुषमंडळी फवारणीच्या मागे रात्री उशिरापर्यंत मळ्यात. भाकरी झाल्या की आम्ही दोघी वाट पाहत बसायचो. सून आणि सासू वीस-बावीस वर्षे एका घरात राहिल्या तरी रिकाम्या बसल्या म्हणजे बोलायला काही सापडत नाही, हे मला तेव्हा कळले.

एका संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या तासाचे पुस्तक चाळत होते. आत्याबाईंनी विचारले, “काय वाचू ऱ्हायली गं?”

“रानड्यांच्या बायकोनं लिहिलेलं पुस्तक आहे.”

“आपल्या रानड्यांच्या? ते टीव्हीवर लागायचं तेच का?”

२०१२-१३ मध्ये ‘उंच माझा झोका’ ही मालिका दूरचित्रवाणीवर लागत असे, ती आत्याबाईंनी एकही भाग न चुकवता पाहिली होती. मी म्हटले, “तेच.”

“मग मोठ्यानं वाच की. मलाबी कळू दे.”

आणि वाचन सुरू झाले.

* * *

आरंभी रानड्यांचे बालपण आहे. निफाडहून कोल्हापूरला बैलगाडीने जाताना रात्री झोपलेला लहानगा महादेव गाडीतून खाली पडला, गाडी पुढे निघून गेली, आणि मागाहून येणाऱ्या घरच्याच माणसाला तो सापडला, ही गोष्ट आत्याबाईंना फार पटली. “मंग! निफाडची माती सोडायला लेकरू तयार नव्हतं,” त्या म्हणाल्या. इतकी वर्षे मी हा प्रसंग शिकवते आहे, पण हा अन्वयार्थ मला सुचला नव्हता.

मग आली बर्फीची गोष्ट. बऱ्याच वाचकांना ती ठाऊक असेल. आईने लहान महादेवाच्या हाती बर्फीचे दोन तुकडे दिले, एक मोठा आणि एक लहान. एक त्याला आणि एक कामकरणीच्या मुलाला. पोराने मोठा तुकडा त्या मुलाला देऊन टाकला आणि लहान आपण खाल्ला. आईला कौतुकापेक्षा काळजीच वाटली, की हे पोर भोळसट निघते की काय! वर्गात मी ही गोष्ट ‘थोरांची लक्षणे बालपणीच’ या सदराखाली सांगते. मुले वहीत उतरवून घेतात.

आत्याबाईंनी एवढेच विचारले, “त्या दुसऱ्या पोराचं नाव काय व्हतं?”

मला नाव सांगता येईना. पुस्तक हातात असूनही सांगता येईना. पान उलटताना मनात आले, की बर्फीच्या या गोष्टीत दोन मुले आहेत, आणि मी आजवर एकाच मुलाची गोष्ट सांगत आले. दुसऱ्याच्या तोंडात त्या दिवशी बर्फीचा मोठा तुकडा पडला. त्याला तो कसा लागला असेल? त्याने तो एकट्याने खाल्ला, की अर्धा आईसाठी राखून ठेवला? त्याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. ज्या घरांत बर्फी कधी आली नाही त्या घरांतले पुस्तक मराठीत यायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ किंवा शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ताटात काय पडते हे जितके सुगरणीच्या हातावर, तितकेच जन्मावरही अवलंबून असते.

आंब्याच्या गोष्टीला तर आत्याबाईंनी मला निरुत्तरच केले. ही गोष्ट रानडे मोठे झाल्यानंतरची. घरी उत्तम आंबे येतात, रमाबाई हौसेने कापून फोडी पुढे ठेवतात. रानडे एक-दोन फोडी खातात, चांगल्या आहेत म्हणतात, आणि थांबतात. आवडले तर मग आणखी का घेत नाही, असे बायकोने विचारल्यावर ते एका ओळखीच्या बाईंची हकिकत सांगतात. चांगल्या दिवसांत जिभेला पडलेली सवय वाईट दिवसांत माणसाला कशी छळते, हा तिचा मथितार्थ. माझ्या टिपणात याला ‘इंद्रियनिग्रह’ असे नाव आहे.

“खरं हाये त्यांचं,” आत्याबाई म्हणाल्या. “पन फोड माघारी ठेवायला आधी ताटात फोड असावी लागती. बहात्तर साली आमच्याकडं काय व्हतं माघारी ठेवायला?”

आणि मग त्या संध्याकाळी रमाबाई बाजूला राहिल्या आणि आत्याबाईंच्या आठवणी सुरू झाल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या एकवीस वर्षांच्या होत्या. लग्नाला चार वर्षे झालेली. विहिरीने तळ गाठला. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, मिलो, तिची भाकरी थापताना कडा फुटायच्या आणि खाताना घशात अडकायची. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळे. घरची अब्रू म्हणून या घरातल्या सुनांना खडी फोडायला जाता येत नसे. त्यामुळे घर मोठे असूनही सुकडी नाही आणि भाकरीही पुरेशी नाही. “लोकांची पोरं सुकडी खायची अन् आमची पोरं त्यांच्याकडं बघायची. थोरल्या जाऊबाईंचं पोरगं एकदा शेजारच्या पोराकडून मूठभर घेऊन आलं. सासऱ्यांनी बघितलं. पोराला मारलं नाही, पन ती सुकडी गुरांपुढं टाकली.” आत्याबाई थांबल्या. “बैलानं खाल्ली,” एवढे म्हणून त्यांनी काळा चष्मा काढून पुसला.

वीस-बावीस वर्षांत ही गोष्ट मी प्रथम ऐकत होते.

* * *

रमाबाईंच्या पुस्तकात पाककृती नाहीत. तसे हे पुस्तक खाण्यापिण्याविषयी लिहिलेलेही नाही. नवऱ्याच्या थोरवीच्या आठवणी म्हणून ते लिहिले आहे. पण चुलीजवळ बसून मोठ्याने वाचताना एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. त्या घरातली प्रत्येक मोठी लढाई या ना त्या रीतीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपते. कोणाच्या पंक्तीला बसायचे, कोणी कोणाला वाढायचे, कोणी कशाला शिवायचे आणि कोणी शिवायचे नाही. सुधारणा सभेत होते असे आपण समजतो. तिची खरी परीक्षा ताटावर होते.

चहाचेच पाहा ना. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने नामवंत मंडळी जमली. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी मान राखण्यापुरता पेला हाती धरला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात जो गहजब उडाला तो ‘पंचहौद चहा प्रकरण’ म्हणून प्रसिद्धच आहे. नावांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, घरोघरी भटजी मिळेनासे झाले. शेवटी मित्रांची अडचण पाहून १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांनी त्यांना बोल लावला. नवऱ्याचे हे वागणे रमाबाईंना फार लागले होते, हे त्यांनी लपवून ठेवलेले नाही. पुस्तकातला हा भाग मला आज सर्वांत मोलाचा वाटतो. नवऱ्यावर इतकी भक्ती असणारी बाई त्याचे पटले नाही तेही लिहून ठेवते.

मला वाटले, चहाच्या कपाने एवढे रामायण घडले म्हटल्यावर आत्याबाई हसतील. आरंभी त्या हसल्याही. “एवढ्याशा च्यापायी?” मग गप्प झाल्या. मी पुढे वाचू लागले तर हाताने थांब म्हणाल्या.

“आपल्या गोठ्याच्या वळचणीला एक कपबशी असायची. कान तुटलेली. तू यायच्या आधी. कामाला येणाऱ्या काही मान्सांला त्यात च्या द्यायचा. ती कपबशी ज्याची त्यानं धुवायची अन् पालथी घालून ठेवायची. मी वरून च्या वतायची.”

मी काही बोलले नाही.

“मला कोनी सांगितलं नव्हतं तसं कर म्हून. अन् कोनी नको कर असंबी नाही सांगितलं. सासूबाई करायच्या, मी केलं. मंग एक दिवस तुझ्या नवऱ्यानं, आठवीत आसंल, शाळेतून आला, वळचणीची कपबशी काढली, माझ्यासमोर धरली अन् म्हनला, मला यात दे.”

“मग?”

“दिला. पोराला भूक व्हती.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी मी ती फोडून टाकली. पन तोवर वीस वर्सं मी वरून च्या वतला व्हता, ते काय फुटत नाही.”

माझ्या नवऱ्याने ही गोष्ट मला कधी सांगितलेली नाही. त्या रात्री तो मळ्यातून आल्यावर मी विचारले. तो म्हणाला, “आठवत नाही.” आठवत असावे, असे मला त्याच्या जेवण्यावरून वाटले.

पंचहौदच्या प्रायश्चित्ताला तिथी होती, विधी होता, भटजी होते. आत्याबाईंनी चौतीस-पस्तीस वर्षांनी, काळा चष्मा लावून, सुनेजवळ चुलीपाशी जे सांगितले त्याला काय म्हणायचे?

* * *

आता ज्या जागेसाठी हा लेख लिहायला बसले त्या जागेशी येते.

रमाबाईंच्या पुस्तकातला वाचकांना सर्वांत परिचित भाग म्हणजे पुण्याच्या घरातल्या बायकांचा विरोध. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. सासूबाई, नणंद, नात्यातल्या आणखी कितीतरी. धाकट्या रमेने इंग्रजी शिकावे, सभेला जावे, हे त्यांना मुळीच रुचत नव्हते. शिकवायला मडम येई. ती गेली की विटाळ झाला म्हणून आंघोळ केल्याशिवाय रमाबाईंना स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. सभेहून आले की टोमणे, अबोला. नवऱ्याचे सांगणे एकच, उलट उत्तर करायचे नाही, सोसायचे. त्याआधी नाशिकच्या बदलीत स्वतंत्र बिऱ्हाडाचा मोकळेपणा अनुभवलेल्या मुलीला पुण्याचे हे घर किती जड गेले असेल!

वर्गात मी हा भाग रंगवून सांगते. त्या बायकांचे आवाज काढते. मुली हसतात. आणि खरे सांगायचे तर त्या आवाजात मी माझ्या सासूचा आवाज मिसळत असे. मी २००१ साली या घरात आले ती बी. ए. होऊन. एम. ए. करायचे म्हटले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, “कर. पन सकाळच्या भाकरी झाल्या पायजेत.” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा सांगितले आहे की माझ्या सहकाऱ्यांना ते पाठ आहे. मी या गोष्टीतली रमाबाई होते, आणि आत्याबाई कोण होत्या हे वेगळे सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी तो भाग वाचला. आवाज काढले नाहीत, साधाच वाचला. थोडी धाकधूक होती. आत्याबाई शांतपणे ऐकत होत्या. मडम गेली, रमाबाईंची आंघोळ झाली, बायकांची बोलणी झाली. मग त्या म्हणाल्या, “घरात मानसं किती व्हती?”

“बरीच असतील. शिवाय येणारंजाणारं.”

“अन् ही वाचत बसली म्हंजी तिच्या वाटनीचं काम कोन करायचं?”

मी पुस्तकाकडे पाहिले. मग चुलीकडे.

“तिनं शिकू नये असं नाही म्हनत मी,” आत्याबाई म्हणाल्या. “पन त्या बायांला कोनी इचारलं का, तुम्हालाबी शिकायचं का म्हून? तिला शिकवायला नवरा व्हता. ह्यांला कोन व्हतं? दिवसभर चुलीपुढं बसायचं अन् कालची पोर पुस्तक घेऊन बसलेली बघायची. जीव जळनारच की. तू पुस्तक घेऊन बसली की माझ्याबी पोटात आग पडायची. मला चौथीतून काढलं व्हतं. दोन भावंडं सांभाळायला.”

मी विचारले, “मग तुम्ही मला अडवलं का नाही?”

“भाकरी झाल्या पायजेत म्हनले व्हते की.”

“त्या तर परीक्षेच्या दिवसांत झालेल्याच असायच्या. मी उठायच्या आत. मला वाटायचं, थोरल्या जाऊबाई करतात.”

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. चष्मा नीट केला. नंतर म्हणाल्या, “ती सात वाजता उठायची.”

त्या काळी या घरात चौदा माणसे आणि मळ्यातले गडी धरून सकाळच्या चाळीस भाकरी लागत. चाळीस भाकरी म्हणजे पीठ मळण्यापासून शेवटची भाकरी निखाऱ्यावर फुगेपर्यंत अडीच तासांचे काम. ते सकाळी सहाच्या आत उरकायचे असेल तर उठायला हवे साडेतीनला, आणि निफाडच्या थंडीत साडेतीन म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही. पाहुण्यांना आत्याबाई सांगत, “सुनबाईनं केल्या अन् मंग अभ्यासाला बसली.” ते मी ऐकलेले होते. ते मला टोचून बोलतात असेच मी धरून चालले होते.

यावरून सासू म्हणजे देवमाणूस, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आत्याबाईंनी मला बोलून घेतले आहे, माझ्या माहेरचे काढले आहे, माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी तोंड फिरवून बसल्या आहेत. ते सगळे खरे आहे. साडेतीनच्या भाकरीही खऱ्या आहेत. एकाच बाईच्या पोटात आग पडते आणि तीच बाई उठून चूल पेटवते. माझ्या पाच मुद्द्यांत हे बसत नव्हते, म्हणून मला पुस्तक कळले नव्हते.

आमच्या नाशिक जिल्ह्याने मराठीला आठवणींचे आणखी एक अपूर्व पुस्तक दिले आहे, ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचे वेड, बाहेरून आलेली वस्तू धुऊन घेण्याचा हट्ट. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिचे घर फुटले, आणि पुढे १९०० साली तीही ख्रिस्ती झाली. सोवळ्याच्या घरातून निघून सगळ्यांच्या पंक्तीला बसण्यापर्यंतचा तिचा हा प्रवास, आणि तो ती खळखळून हसत सांगते. रमाबाईंना असे हसता येत नाही. त्यांच्या लेखणीला पदर आहे. पण चुलीपाशी वाचल्यावर मला कळले की त्या पदराआडही पुष्कळ काही दिसते. हे सगळे त्यांनीच तर लिहून ठेवले आहे, सभेहून आल्यावरचा अबोलासुद्धा. लिहिले नसते तर त्या बायकांच्या वतीने आत्याबाई तरी कशा बोलल्या असत्या?

* * *

वाचन असे दिवाळीपर्यंत चालले. चकलीची भाजणी भाजताना थोडे, अनारशाचे पीठ आंबत असताना थोडे. माझे हात कामात असले म्हणजे माझी मुलगी वाचायची. ती अकरावीत आहे, तिचा उच्चार स्वच्छ आहे, पण जुन्या छपाईतल्या अनुस्वारांनी ती गोंधळते. आत्याबाई उंबऱ्यावरून तळणीच्या वासावरूनच सांगत, “जाळ कमी कर, करंजी लाल व्हायला लागली,” आणि लगेच, “हां, मंग पुढं काय झालं?”

शेवटची पाने तेवढी राहिली होती. आत्याबाईंनी ती वाचू दिली नाहीत. “दिवाळीत नको,” म्हणाल्या. “बाईच्या पुस्तकाचा शेवट काय असतो ते मला ठावं हाये.” आमचे सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

तुळशीचे लग्न आटोपल्यावर एका संध्याकाळी त्यांनी आपणहून विचारले, “ते ऱ्हायलेलं वाच.” मी वाचले. १६ जानेवारी १९०१, मुंबई, रानड्यांचा अंत. पुस्तक तिथेच संपते. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून सांगितले होते, तेही त्या विसरल्या.

मग म्हणाल्या, “पुढं किती वर्सं काढली तिनं?”

“तेवीस. १९२४ साली गेल्या.”

“तेवीस वर्सं काय केलं?”

मी सांगितले की १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, ते रमाबाईंनी उभे केले. बायकांना लिहायला, वाचायला, दुखणेकऱ्यांची शुश्रूषा करायला तिथे शिकवले. आणि हे पुस्तक लिहिले. हे सगळे माझ्या टिपणात सहाव्या मुद्द्यात आहे.

आत्याबाईंना ते नको होते. “ते झालं गं. जेवायची का येळेवर? एकटं मानूस ताट वाढून घेत नाही. उभ्या उभ्या खातं.”

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण सासरे गेल्यापासून आत्याबाई सगळ्यांचे झाल्यावर पडवीत, भाकरीवर भाजी घेऊन, उभ्या उभ्या खातात, हे मी सहा वर्षे पाहत होते. त्यांना तसेच आवडते असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

हल्ली मी रात्री पुरुषांच्या पंक्तीला बसत नाही. मागे राहते. नवऱ्याने एकदा विचारले, मुलीने नाक मुरडले, की शिकलेली आई अशी मागून का जेवते? मुलीचे म्हणणे रास्त आहे. सगळ्यांनी एकदम बसावे, हेच खरे. पण आत्याबाई त्या पंक्तीला बसायला अजून तयार नाहीत. पन्नास वर्षांची सवय सांगितल्याने मोडत नाही. तेव्हा तूर्त आम्ही दोघी पडवीत दोन ताटे वाढून घेतो आणि खाली बसून जेवतो. मी नवीन पुस्तक आणले आहे, लक्ष्मीबाईंचे. पहिल्याच संध्याकाळी जलालपूरचे नाव आले, तशी आत्याबाईंनी घास हातात धरून मला थांबवले.

“जलालपूर म्हंजी आपलं नाशकाजवळचंच का? मंग सावकाश वाच.”